उघडलंच आहे तर

माणूस स्पोर्ट्स कार घेतो ती पळवायला, असा एक सार्वत्रिक समज आहे. नवी घेणाऱ्यांपुरता तो खराही असेल. पन्नास वर्षांपूर्वीची घेणाऱ्याचं आयुष्य मात्र तिला थांबवण्यात जातं. त्यातही गाडी थांबवण्याचं मोठं काम करतात पुढचे ब्रेक, आणि हा गृहस्थ शनिवारी सकाळी दिसतो तो मागच्या चाकापाशी, जमिनीवर पुठ्ठा अंथरून, आडवा.

माझा मावसभाऊ इंग्लंडात रेडिंगला असतो. पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर. पुण्यात होता तोवर नट त्याने फक्त ड्रॉइंगमध्ये पाहिला होता. प्रत्यक्ष नटाला हात लावायला माणसं होती, आणि त्या माणसांच्या हाताखाली पोरं होती. इंग्लंडमध्ये गॅरेजचा तासाचा दर ऐकला त्या दिवशी त्याच्या अंगात विश्वकर्मा आला. आधी नळ, मग वॉशिंग मशीन, आणि मुलं शिकायला बाहेर पडून घर मोकळं मोकळं वाटायला लागलं तेव्हा 1972 सालची एमजीबी रोडस्टर. वहिनी म्हणते, "बाकीच्यांचे नवरे या वयात कुत्रा आणतात. कुत्रा निदान हाक मारली की उठतो."

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. मूळ ऑक्सफर्डचं नाव, आणि 1929 पासून कारखाना शेजारच्या ॲबिंग्डन गावात. तिथे 1962 ते 1980 या काळात एमजीबी तयार होत होती, आणि पाच लाखांवर तयार झाली. पुढे हे नाव चिनी कंपनीकडे गेलं. आज पुण्यात ज्या एमजी दिसतात त्या गुजरातमध्ये हलोलला बनतात, आणि आपल्या पोटात काय आहे हे मालकाला कळावं अशी त्यांची अजिबात इच्छा नसते. जुनीचं तसं नाही. तिच्या पोटात काय आहे ते मालकाच्या नखांत दिसतं.

वेगाचं म्हणाल तर 1798 सीसीचं इंजिन, ताशी शंभर मैलांच्या थोडं वर. 1962 साली हे भारी होतं. आज सिग्नल सुटला की कुणाची तरी साधी हॅचबॅक पुढे निघून जाते आणि जाता जाता आतली मंडळी कौतुकाने हात करतात. दादाला तो हात पुरतो. खरं तर दादाने गाडी त्या हातासाठीच घेतली आहे, पण हे त्याच्यासमोर बोलायची सोय नाही.

तर मागचे ब्रेक. ड्रम ब्रेकला आज आहे तसं रूप दिलं ते लुई रेनॉने 1902 साली, असं मानतात. रचना अगदी सरळ. चाकाबरोबर फिरणारा बिडाचा ड्रम, त्याच्या आत चंद्रकोरीसारखे दोन शू, शूच्या पाठीवर घर्षणाचं अस्तर. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला लायनर म्हणतात. पायाखालचं पेडल दाबलं की ऑइलच्या दाबाने शू बाहेर सरकतात आणि ड्रमला आतून घासतात. पेडल सोडलं की स्प्रिंगा त्यांना परत ओढून घेतात. इतकंच. पण या दोन शूंत एक अन्याय दडलेला आहे. चाक पुढे फिरत असताना पुढचा शू ड्रमबरोबर ओढला जातो आणि ओढला गेल्यामुळे आणखी घट्ट आवळतो. मागच्या शूला तोच ड्रम परत आत ढकलत असतो. म्हणजे एक राबतो आणि दुसरा हजेरी लावतो. झिजतो अर्थातच पहिला. बदलायचे मात्र दोघांना एकदम. गाडी रिव्हर्स घेतली की भूमिका उलटतात आणि दुसऱ्याला कर्तृत्व दाखवायची संधी मिळते, पण रिव्हर्समध्ये माणूस असा किती वेळ असतो?

एमजीबी आली तेव्हा डिस्क ब्रेकचा शोध लागून जुना झाला होता. 1953 साली जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर ल मांची चोवीस तासांची शर्यत मारली होती. एमजीबीलाही पुढे पावणेअकरा इंची डिस्क दिल्या गेल्या. मागे मात्र दहा इंची ड्रमच राहिले. एक तर ते स्वस्त. शिवाय हँडब्रेकची केबल त्यांना सहज जोडता येते. आणि तिसरं कारण मला फार आवडतं. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. अशा वेळी मागचे ब्रेक जास्त जोरात लागले तर चाकं जाम होतात आणि शेपूट पुढे यायला बघतं. म्हणून मागच्या ब्रेकची योजना करतानाच त्यांनी फार चांगलं काम करू नये अशी काळजी घेतलेली असते. इतक्या विचारपूर्वक सामान्य ठेवलेल्या गोष्टीसाठी माणूस अख्खा शनिवार देतो.

देतो, कारण सरकारने अंग काढून घेतलं आहे. ब्रिटनमध्ये गाडी चाळीस वर्षांची झाली की तिला रोड टॅक्स माफ होतो, आणि 2018 च्या मे महिन्यापासून दरवर्षीची सक्तीची तपासणीही माफ झाली, गाडीत मोठे फेरफार केले नसले तर. आपल्याकडे अशी सवलत मिळाली असती तर लोकांनी पेढे वाटून गाडी तशीच पुढची चाळीस वर्षं चालवली असती. दादाची झोप उडाली. कुणी तपासत नाही म्हणजे सगळी जबाबदारी आपली, हा विचार त्याच्या डोक्यात शिरला, आणि घरातच एक आरटीओ बसला. त्यात 1972 च्या ब्रिटिश एमजीबीत चारही चाकांना मिळून ऑइलची एकच लाइन. मागच्या एका चाकात गळती झाली की पायाखालचं पेडल थेट जमिनीला टेकतं, आणि मग पुढच्या भारी डिस्क नुसत्या शोभेला उरतात. हे दादाने मला जेवताना सांगितलं. वहिनीने शांतपणे विचारलं, "आणि परवा आपण याच गाडीतून ऑक्सफर्डला गेलो होतो ना?"

काम कसं सुरू होतं ते पाहण्यासारखं आहे. ड्रम निघायला हवा तर हँडब्रेक सोडावा लागतो, नाहीतर शू आतून ड्रमला धरून बसतात. म्हणजे ब्रेक दुरुस्त करायची पहिली पायरी म्हणजे गाडीचा उरलासुरला ब्रेकही काढून घेणं. मग पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे, मागे जॅक, एक्सलखाली स्टँड. गाडी हलवून बघायची, पुन्हा हलवून बघायची. दादा खाली जाण्याआधी मनातल्या मनात काहीतरी पुटपुटतो. रामरक्षा असावी.

या गाडीला तारांची चाकं आहेत. ती धरून ठेवायला मधोमध एकच मोठा नट, दोन कान असलेला, त्याला म्हणतात स्पिनर. तो पान्याने निघत नाही. त्याच्या कानावर तांब्याच्या हातोड्याने मारायचं. तांब्याच्या, कारण लोखंडी हातोड्याने क्रोमचा जीव जातो. कुठल्या दिशेने मारायचं हे नटावरच बाण काढून लिहिलेलं असतं, कारण डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलटसुलट असतात. चाक पुढे जाताना ज्या दिशेने फिरतं त्या दिशेने नट सुटतो. ज्याने हे ठरवलं त्याने विचार करूनच ठरवलं, पण बाण वाचून, समजून, मान डोलावून मग उलट्या दिशेने मारणारे लोक जगात इतके आहेत, की नटांचे कान कायम चेपलेले असतात.

हातोड्याचे टोले पडले की शेजारी येतात. इंग्लंडमध्ये शेजाऱ्याशी ओळख व्हायला दहा वर्षं लागतात असं म्हणतात. जुनी गाडी जॅकवर चढवा, दहा मिनिटांत होते. समोरचे निवृत्त आजोबा चहाचा मग घेऊन येऊन उभे राहिले. ते बोलत नाहीत, फक्त दर थोड्या वेळाने श्वास आत ओढून "हं" करतात, आणि त्या "हं"मध्ये "आमच्या वेळी असं करत नव्हते" इतकं सगळं असतं. सदाशिव पेठेत राहिले असते तर एकही दिवस परके वाटले नसते. पलीकडचा तरुण इलेक्ट्रिक गाडीवाला. त्याने ड्रम बघितला आणि हसून विचारलं, अजून हे असलं काही वापरतात? दादा गाडीखालून म्हणाला, "तुझ्या गाडीच्या मागच्या चाकांना हेच आहे." ते खरंच होतं. त्याची गाडी फोक्सवॅगन आयडी थ्री. इलेक्ट्रिक गाडी वेग कमी करते ती बरीचशी मोटरच्या उलट्या जोरावर, त्यामुळे मागचे ब्रेक फार वापरले जात नाहीत. न वापरलेली डिस्क गंजते आणि बंद ड्रम टिकतो, म्हणून कंपनीने मुद्दाम ड्रम दिले. तरुण आपल्या गाडीपाशी जाऊन, गुडघ्यांवर बसून चाकाच्या फटीतून बघत राहिला. नंतर तो बराच वेळ दिसला नाही.

ड्रम सहज निघाला तर तो दिवस वाया गेला असं समजायचं, कारण मग सांगायला काही उरत नाही. सहसा तो निघत नाही. आत कडेला गंजाचा काठ तयार झालेला असतो, तो शूला अडतो. मग मागच्या बाजूला एक चौकोनी डोक्याचा ॲडजस्टर असतो तो सैल करायचा. हा ॲडजस्टर रस्त्यावरचा चिखल, पाणी आणि थंडीत टाकलेलं मीठ यांच्या थेट वाटेवर बसवलेला आहे. तो फिरत नाही. कुणीतरी पूर्वी चुकीच्या पान्याने फिरवायचा प्रयत्न करून त्याचा चौकोन गोल केलेला असतो.

हा "कुणीतरी" म्हणजे आधीचा मालक. जुन्या गाड्यांच्या जगातलं हे सर्वांत महत्त्वाचं पात्र. त्याला कुणी पाहिलेलं नसतं, पण गाडीतला प्रत्येक उलटा बसवलेला वॉशर, इन्सुलेशन टेपने गुंडाळलेली प्रत्येक वायर, दारामागे सापडलेलं सिगारेटचं पाकीट, सगळं त्याचं. नवं सरकार आलं की पहिली काही वर्षं सगळं मागच्या सरकारवर ढकलता येतं. इथे मुदतीची अटच नाही. दादाने गाडी घेऊन बरीच वर्षं झाली. मधल्या काळात त्याने तिला अनेकदा उघडली आहे. तरी आत काही विपरीत निघालं की तो कपाळावर हात मारून म्हणतो, "काय माणूस होता!"

ड्रम निघाल्यावर आत काळी पूड असते. इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ब्रिटनने ते 1999 साली पूर्ण बंद केलं, पण गाडीतले शू किती जुने आहेत हे आधीच्या मालकालाच ठाऊक. म्हणून ती पूड फुंकायची नाही, हवेचा फवारा मारायचा नाही. मास्क लावायचा आणि ब्रेक क्लीनरने ओली करून पुसून घ्यायची. हे ऐकताना मला लहानपणी पाहिलेला नाना पेठेतला मेकॅनिक आठवला. आमच्या वडलांच्या फियाटला चारही चाकांना ड्रमच होते. तो अनवाणी उकिडवा बसायचा, ड्रम काढायचा, छातीत श्वास भरायचा आणि आत तोंड घालून फूऽऽ करायचा. मग काळ्या तोंडाने वर बघून म्हणायचा, "साफ झालं, साहेब." एका पान्याच्या टोकाने तो स्प्रिंग ताणून अडकवायचा, हाताखालच्या पोऱ्याच्या डोक्यात त्याच पान्याने हलकेच मारायचा, आणि अर्ध्या तासात चारही चाकं जागेवर. दादाने त्या स्प्रिंगांसाठी खास पक्कड मागवली आहे. ती पेटीतून काढून, सूचना वाचून, परत पेटीत ठेवण्यात त्याचा अर्धा तास जातो.

स्प्रिंगा हा या कामाचा गाभा. एका चाकात दोन, आणि दोन्ही वेगळ्या. कुठली वर, कुठली खाली, आकडा कुठल्या भोकात, शूच्या पुढून की मागून, हे सगळं ड्रम निघाला त्या क्षणी स्पष्ट दिसत असतं. इतकं स्पष्ट, की फोटो काढायची गरज वाटत नाही. जाणते लोक म्हणून सांगतात, एका वेळी एकच चाक खोला, म्हणजे दुसरं नमुन्याला राहतं. सल्ला उत्तम. फक्त दुसरं चाक आरशातल्यासारखं उलटं असतं, आणि तिथेही आधीचा मालक जाऊन आलेला असतो.

पुस्तक आहे म्हणा. जॉन हेन्स नावाच्या माणसाने 1966 साली ऑस्टिन-हीली स्प्राइटवर पहिलं वर्कशॉप मॅन्युअल काढलं आणि ब्रिटनमधल्या दोन पिढ्यांचे शनिवार ताब्यात घेतले. पद्धत प्रामाणिक होती. गाडी खरोखर पूर्ण खोलायची, पुन्हा जोडायची, टप्प्याटप्प्याने फोटो काढायचे. खोलण्याचं वर्णन या पुस्तकांत इतकं बारीक असतं की आंधळ्यानेही खोलावं. जोडण्याच्या वेळी मात्र मजकूर एका वाक्यावर येतो, त्याचा आशय असा की हेच सगळं उलट्या क्रमाने करा. या न्यायाने उपम्यातून पुन्हा रवा काढता यायला हवा. स्प्रिंग सुटताना आपण फक्त बघे असतो, ती स्वतःच्या जोरावर सुटते. बसवताना तो सगळा जोर आपल्याला पुरवावा लागतो, आणि पक्कड घसरली की तिच्या वाटेत नेमकी आपली बोटं असतात. पुस्तकातल्या फोटोतले हात बघा. एकाही बोटाला बँडेज नाही.

जुने शू बाहेर आले की व्हील सिलेंडर उघडा पडतो. दोन्ही बाजूंनी पिस्टन बाहेर सरकू नयेत म्हणून त्यावर रबरबँड लावतात. दादाने वहिनीच्या ड्रॉवरमधून केसांचा आणला. आणि मग त्याने तो भयंकर शब्दसमूह उच्चारला, "आता उघडलंच आहे तर..."

संसार केलेल्या कुणालाही हे चार शब्द ओळखीचे आहेत. बाथरूमची एक फरशी बदलायला निघालेली माणसं याच वाक्यावरून पाय घसरून नवीन घर बांधून बसली आहेत. उघडलंच आहे तर सिलेंडरचं रबर उचलून बघू. बघितलं तर आत ओल. ओल आहे तर सिलेंडरच बदलू. बदलतोय तर दोन्ही बाजूंचे बदलू. बॅकप्लेटवर हे तेल कसलं? ब्रेकचं नाही, एक्सलचं दिसतंय. म्हणजे हबचं सील गेलं. उघडलंच आहे तर सील घालू. एमजीबीचं दुर्दैव असं की तिचे सगळे पार्ट मिळतात. तिची संपूर्ण नवी बॉडीसुद्धा 1988 पासून पुन्हा बनवून मिळते. पार्ट मिळत नसते तर माणूस कुठेतरी थांबला असता.

सिलेंडर नवा घातला तर तो बॅकप्लेटला धरून ठेवतो एक छोटासा क्लिप. इंग्रजी ई अक्षरासारखा, पोलादी, आणि स्वभावाने दुष्ट. तो बसवायला समोरून सिलेंडर लाकडाच्या पाचरीने दाबून धरायचा, मागून योग्य मापाचं सॉकेट ठेवून क्लॅम्पने क्लिप आत ढकलायचा. ढकलताना दोन पाय बसतात, तिसरा बसत नाही. तिसरा बसवायला गेलं की पहिला सुटतो. मग "टिंग" असा एक आवाज होतो आणि त्यानंतर सगळे जमिनीकडे बघत फिरू लागतात. समोरचे आजोबा त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलले. म्हणाले, असे क्लिप नेहमी तीन मागवावेत. आणि खिशातून एक काढून दिला. तो त्यांच्या खिशात का होता हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

सगळं जागेवर बसलं, ड्रम चढला. ॲडजस्टर आवळत न्यायचा, चाक जाम झालं की टकटक करत थोडा मागे आणायचा, चाक मोकळं फिरेपर्यंत. हे दहा मिनिटांचं काम. मग ऑइलच्या लाइनमधली हवा काढणं. त्याला दोन माणसं लागतात, आणि विवाहसंस्थेची खरी कसोटी इथे आहे. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकामागे झोपून निपल उघडायचा, त्यातून ऑइल आणि बुडबुडे नळीवाटे बरणीत येऊ द्यायचे, आणि पेडल वर येण्याआधी निपल बंद करायचा. क्रम चुकला की बाहेर गेलेली हवा परत आत. मला वाटलं होतं पेडलवर मला बसवतील, पण माझ्या हातात बरणी आली. ते ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोलून निघतो, अशी ताकीदही आली. पेडलवर वहिनी.

"दाब!"

"दाबलं."

"धर!"

"धरलंय. किती वेळ?"

"सोडू नको!"

गाडीच्या खालून बोललेल्या वाक्याचा फक्त पहिला अर्धा भाग वर पोचतो. वहिनीने सोडलं. बरणीतले बुडबुडे माझ्या डोळ्यांदेखत मागे फिरले.

"सोडू नको म्हणालो ना!"

"अहो, सोड म्हणालात."

मग असं ठरलं की शब्द न वापरता बॉडीवर ठोकून खुणा करायच्या. एक टकटक म्हणजे दाब, दोन म्हणजे सोड. एवढ्यात समोरच्या आजोबांनी मग ठेवला तो बॉनेटवर. वहिनीने पुन्हा दाबलं. दादाने कपाळावर हात मारला, तोही ड्रमला लागून. आधीच्या मालकाचं या वेळी कुणी नाव काढलं नाही. वहिनीने थंडपणे चावी फिरवून गाडीचा रेडिओ लावला, आवाज वाढवला आणि म्हणाली, "तुमचं ठरलं की पायाला हात लावून सांगा." यानंतर काम सुरळीत झालं. मी दाराशी उभा राहून खुणा करत होतो, रेडिओवर क्रिकेटचं वर्णन चालू होतं, आणि पेडल हळूहळू कडक होत गेलं. मागचा दुसरा ड्रम, त्याच्या स्प्रिंगा, त्याचा क्लिप, हे सगळं व्हायला पाच वाजले. क्रिकेट संपलं नव्हतं.

दादाने हात पुसले, चाकं चढवली, गाडी खाली उतरवली, ठोकळे काढले आणि हँडब्रेक ओढला. खटके मोजून त्याचा चेहरा उजळला. आजोबांनी "हं" केलं, पण या वेळी श्वास बाहेर सोडून. इलेक्ट्रिकवाला तरुणही परत आला होता. आता एक चक्कर मारून नवे शू हळूहळू ब्रेक लावत ड्रमला बसवून घ्यायचे एवढंच राहिलं होतं. दादा ड्रायव्हरच्या सीटवर बसला, वहिनी शेजारी. त्याने चावी फिरवली.

टिक.

पुन्हा फिरवली. टिक. रेडिओसुद्धा बोलेना. या गाडीला सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्या सकाळपासून क्रिकेट ऐकत होत्या.

"बॅटऱ्या आधीच्या मालकाच्या आहेत," दादा म्हणाला.

वहिनी दार उघडून खाली उतरली. एकदा गाडीकडे बघितलं, एकदा दादाकडे.

"ब्रेक मात्र छान लागलेत हं," ती म्हणाली. "जराही हलत नाहीये."